सहा सेकंदांची गाठ

द्वारकेच्या बांगडीत लटकवलेली सेफ्टी पिन एका परक्या माणसाच्या स्वेटरात अडकली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. एरवी त्या दोघांची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. ती लालबागची, तो गिरगावचा. आणि त्या काळी लालबागची माणसं गिरगावात जायची ती वर्षातून एकदा, गणपती पोचवायला.

सत्तावन्न सालचा डिसेंबर. रविवारची दुपार कलली होती आणि नरे पार्कात संयुक्त महाराष्ट्राची सभा रंगात आली होती. गिरणगाव नुसता लोटला होता. बायांची बाजू वेगळी, बाप्यांची वेगळी, मध्ये एक दोरी. पण त्या दोरीचं कोण ऐकतंय? सभा संपता संपता घोषणा सुरू झाल्या, ‘झालाच पाहिजे’ म्हणत द्वारकेने हात वर केला, आणि खाली आणताना तो मध्येच अडकला. बघते तर काय, पुढच्या उंच माणसाच्या निळ्या स्वेटरच्या बाहीत तिची पिन रुतून बसलेली. ती सोडवायला जाते तोवर पुढची घोषणा आली. त्या माणसाने तावातावाने हात वर केला... आणि त्याच्याबरोबर तिचाही हात वर गेला.

त्याने मागे वळून बघितलं. द्वारकेला हसू फुटलं, आणि ते आवरता आवरेना.

पिन सुटली, पण लोकरीचा धागा लांबलचक ओढला गेला आणि तटकन तुटला. तिने त्याला म्हटलं, हलू नका. दोन टोकं पकडली, बोटांत काहीतरी केलं, दातांनी उरलेलं शेपूट तोडलं, झालं. तो बाहीकडे बघतच राहिला.

“हे कसं केलंत?”

“कसं म्हणजे? गाठ मारली.”

“पुन्हा एकदा दाखवाल?”

“दाखवीन की. पण स्वेटर पुन्हा फाडावं लागेल.” आणि मग तिला राहवलं नाही. “मुंबईत स्वेटर घालून सभेला येणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय.”

“आईने विणलंय,” तो अपराध्यासारखं म्हणाला. “नाही घातलं तर ती जेवत नाही.”

इतकं बोलणं झालं. गर्दीचा लोंढा आला, तो तिकडे गेला, ती इकडे. शेजारची रखमा घरी जाईस्तोवर विचारत राहिली, एकटीच काय हसतेस गो?

दुसऱ्या दिवशी सोमवार. सातचा भोंगा झाला, तारामती मिलच्या वाइंडिंग खात्यात मशीनं सुरू झाली, आणि दारातून मॅनेजरसाहेबांच्या मागून निळं स्वेटर आत आलं. एका हातात पाटीला लावलेला कागद, दुसऱ्या हातात गोल, चकचकीत घड्याळ, वरचं बटण दाबलं की काटा पळणारं. द्वारकेच्या हातातली बॉबिन खाली पडता पडता राहिली.

आता वाइंडिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं. खात्यात बाया साठ, एकेकीकडे वीस चात्या, म्हणजे सूत गुंडाळणारे फिरते दांडे. चाती गरगरत असते, सूत मध्येच तुटतं, की बाईने दोन्ही टोकं शोधायची, गाठ मारायची, चाती सोडायची. पुन्हा दुसरीकडे तुटलेलं असतंच. सकाळपासून भोंगा होईपर्यंत हेच. द्वारका सतराव्या वर्षी आईच्या जागेवर लागली होती, आता एकवीस पुरी झाली होती. तिचे वडील गुणाजी परब त्याच मिलमध्ये कापडाच्या साच्यावर, म्हणजे मागावर.

आणि घड्याळ कशासाठी, तर धाकटे शेठ जपानला जाऊन आले होते. तिथल्या गिरण्या बघितल्या आणि त्यांची झोपच उडाली. आपली मशीनं आजोबांच्या वेळची, तिकडची दुप्पट वेगाने फिरणारी. तसली मशीनं इकडे आणायची तर सरकारची परवानगी हवी. सरकार म्हणालं, आधी सांगा, किती माणसं रिकामी होतील? आता गंमत अशी की नव्या मशीनवरसुद्धा तुटलेल्या सुताची गाठ बाईनेच मारायची होती. म्हणजे एका बाईला किती चात्या झेपतील हे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं : एका गाठीला सेकंद किती लागतात? ते मोजायला रघुवीर पेडणेकर आला होता. माटुंग्याला कापडाचं तंत्र शिकलेला, पहिलीच नोकरी, चोवीस वर्षांचा. खात्याने तासाभरात त्याचं बारसं केलं : घड्याळवाला.

खात्याची नायकीण, म्हणजे बायांची मुकादम, गंगुबाई. तीस वर्षं झाली होती तिला खात्यात, आणि पाठ वळवलेली असली तरी कुठल्या कोपऱ्यात कोण तंबाखू मळतंय ते ती सांगायची. घड्याळ बघितल्याबरोबर तिने खात्यातून एक फेरी मारली. तोंडाने काही बोलली नाही, नुसती मनगटं जराशी खाली सोडून दाखवली. बायांना कळलं. ही रीत त्यांच्या सासवांच्या वेळेपासूनची : घड्याळ आलं की हात जड. कामचोरी म्हणून नाही हो. माप एकदा वर ऑफिसात गेलं की ते जन्मात खाली येत नाही, हे त्या बायांना सोसून कळलेलं होतं. दमलेल्या दिवशी, पोर आजारी असल्या दिवशी, पोटुशी असल्या दिवशीही मग तेच माप द्यावं लागतं.

बारा बायांची मापं घ्यायची ठरली होती. प्रत्येकीला अर्धा दिवस. अकरा जणींनी हात असे जड केले की गाठी दहा, अकरा, बारा सेकंदांच्या झाल्या. आणि मग घड्याळवाला द्वारकेसमोर येऊन उभा राहिला.

“स्वेटर टिकलंय,” तो मशीनच्या आवाजात, तिलाच ऐकू जाईल इतपत म्हणाला.

आता यापुढे जे झालं ते तिने मुद्दाम केलं का? देवाशपथ नाही. तिने मनगटं खाली सोडली होती. पण त्याचा एक डोळा घड्याळावर आणि दुसरा तिच्या बोटांवर होता, आणि ती बोटं जणू कुणी कौतुक करावं म्हणून जन्मभर थांबली होती. सूत तुटलं, हात गेला, गाठ बसली, चाती सुटली. सहा सेकंद. पुन्हा सहा. कधी साडेपाचसुद्धा. घड्याळवाल्याने डोळे विस्फारले, ते बघून तर ती आणखीच पळाली. अर्ध्या दिवसाचं काम, पण तो दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. कागद भरले, कोपऱ्याला कोपरा लावून जोडले गेले. पलीकडच्या मशीनवरून रखमा म्हणाली, तुझ्याकडे सूत जास्तच तुटतंय की काय गो? द्वारका कानापर्यंत लाल झाली.

मग एका रविवारी भायखळ्याची राणीची बाग. निमित्त रखमाचं : तिला म्हणे हत्ती बघायचा होता. हत्तीपर्यंत पोचायच्या आधीच तिचे पाय दुखायला लागले आणि ती बाकावर बसली, ती काही उठली नाही. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात दोन मुली, तरी त्या बाईला दुसऱ्याच्या सुखाचं असं कौतुक होतं.

रघुवीरने खिशातून घड्याळ काढलं. द्वारकेने हात पुढे केला.

“आज माप मी घेणार.”

“कशाचं?”

“तुम्ही किती वेळ गप्प बसू शकता त्याचं.”

तिने बटण दाबलं. तो ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत राहिला... नुसता बघत राहिला. तिने पुन्हा बटण दाबलं.

“चार सेकंद. हरलात.”

“अगं, पण मी एक शब्द बोललो नाही.”

“डोळे बोलले ते धरायचं नाही?” मग तिच्या लक्षात आलं. “आणि ‘अगं’ काय? आतापर्यंत ‘अहो’ होतं.”

“हो का? ‘अहो’वरून ‘अगं’वर यायला किती वेळ लागला?”

“तीन आठवडे,” द्वारका म्हणाली. म्हणजे ती मोजत होती. ते त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिला कळलं. मग बराच वेळ दोघांनी हत्ती बघितला.

असे ते दिवस होते. सकाळच्या प्रभातफेऱ्या, चाळीच्या जिन्यांवर चुन्याने लिहिलेली अक्षरं, आणि प्रत्येकाला वाटायचं की आणखी थोड्याच दिवसांत काहीतरी मोठं आणि चांगलं होणार आहे. द्वारकेला तर दोन-दोन कारणांनी वाटायचं.

फेब्रुवारीत मिलच्या आवारातल्या फळ्यावर नोटीस लागली. वाचता येणाऱ्या एकाने मोठ्याने वाचून दाखवली. कंपनीने शास्त्रशुद्ध माप घेतलं आहे, एका गाठीस सहा सेकंद पुरतात, सबब नव्या मशीनवर एका बाईस वीसऐवजी तीस चात्या. खात्यात साठऐवजी चाळीस बाया पुरेत. सरकारची मंजुरी मिळताच शेवटी लागलेल्या वीस जणी कमी होतील. त्या वीस जणींत रखमाचं नाव अकरावं होतं. द्वारकेचं नव्हतं.

बाया खात्यात परतल्या. कुणी मशीन सुरू केलं नाही. बारा जणींची मापं झाली होती, आणि प्रत्येकीला आपापल्या हातांचा वेग ठाऊक होता. सहा कुणाचे? द्वारका पुढे आली आणि म्हणाली, माझे.

गंगुबाईने तिच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“पोरी, शाबासकीच हवी होती तर माझ्याकडे मागायचीस,” ती म्हणाली. “मी दिली असती.”

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत द्वारकेने डबा उघडला आणि तिच्याभोवतीची जागा रिकामी राहिली. रखमा रागावली नाही, टोचून बोलली नाही. नुसता आपला डबा उचलला आणि खिडकीकडे जाऊन बसली. द्वारकेने डबा तसाच मिटला. वीस घरं. आणि का, तर एका माणसाने आपल्या बोटांकडे बघावं म्हणून.

पहिली पाळी सुटल्यावर तिने रघुवीरला परळच्या पुलाखाली गाठलं. तोही दोन रात्री झोपला नसावा, डोळे तसेच दिसत होते. तो सांगायला लागला : मी बाराही जणींची मापं दिली होती, मॅनेजरसाहेबांनी त्यातलं एकच उचललं. एकीला जमतं म्हणजे सगळ्यांना जमतं, म्हणाले. मी भांडलो. त्यांनी विचारलं, आकडा खोटा आहे का? मी काय सांगणार?

“खोटा आहे म्हणून सांगा,” द्वारका म्हणाली. “वही तुमची, पेन तुमचं. सहाचे दहा करा.”

“द्वारका, मला एकच गोष्ट नीट येते. आकडा खोटा लिहायचा नाही. आज तुझ्यासाठी खोटा लिहिला तर उद्या शेठसाठी लिहीन.”

“मग रखमाबाईंना जाऊ दे घरी.”

“तसं नाही गं. सहा खरे आहेत, पण ते रोजचे नाहीत. रोजचे नाहीत हे मी सांगेन, मंजुरीआधी सरकारची समिती येणार आहे तिच्यापुढे. पण ते सहा का झाले... ते मी कसं सांगू?” तो थांबला. “ते तुलाच ठाऊक आहे.”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

वरून गाडी धडधडत गेली.

“चार माणसांत सांगू?” ती म्हणाली. “तिथे माझे बाबा असतील. सगळी चाळ असेल.” आणि डोळे पुसत निघून गेली. महिनाभर दोघं एका खात्यात होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

मार्चमध्ये सरकारची समिती आली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, पातळ आवाजाचे, सगळं ऐकून घेणारे. सोबत सचिवालयातले एक सचिव. कागद बघून बघून अध्यक्ष कंटाळले असावेत, कारण त्यांनी फर्मावलं की सुनावणी ऑफिसात नको, खात्यातच घेऊ. मग मशीनं थांबवली, मधल्या वाटेत खुर्च्या मांडल्या, एका बाजूला शेठ आणि मॅनेजर, दुसऱ्या बाजूला कामगारांची माणसं. साचेखात्याकडून गुणाजी परब आला होता, टोपी हातात धरून.

शेठ बोलले, आणि खरं सांगायचं तर वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, जपानचं कापड आज आपल्यापेक्षा स्वस्त आहे, उद्या आपल्याच बाजारात येईल. जुनी मशीनं धरून बसलो तर वीस बाया वाचतील आणि चार हजार माणसांची मिल जाईल. मला कुणाला घरी पाठवायची हौस नाही, पण मला काळाच्या मागे राहायचीही सोय नाही. मग सचिव बोलले. सरकारला नवी मशीनंही हवी होती, परदेशी चलनही वाचवायचं होतं आणि कामगारांना दुखवायचंही नव्हतं. लग्नात वरपक्षही आपलाच आणि वधूपक्षही आपलाच, अशी त्यांची गत होती. मुंबई कुणाची हाच प्रश्न रस्त्यावर पेटलेला असताना गिरणगावाला आणखी चिडवायला ते धजत नव्हते.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. अकरा बायांचे दहा-बारा सेकंद आणि एकीचे सहा, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मॅनेजर म्हणाले, त्या अकरा जणी हात आखडून काम करत होत्या.

रघुवीर उभा राहिला. सहा हा आकडा बरोबर आहे, पण तो रोजच्या कामाचा नाही, त्यावर सगळ्यांचं काम ठरवलं तर ते माप चुकीचं होईल, असं तो म्हणाला. मॅनेजरांनी विचारलं, पुरावा काय? रघुवीरने वही मिटली. अध्यक्ष म्हणाले, त्या बाईंनाच बोलवा, आणि यावेळी घड्याळ सचिव धरतील. वीस गाठी बघू.

एक मशीन सुरू झालं. द्वारका समोर उभी राहिली. पाठीमागे बाकीच्या एकोणसाठ बाया. रघुवीरला दारापाशी उभं केलं होतं. सूत तुटलं, तिने गाठ मारली. सचिव मोठ्याने वाचत होते : दहा. अकरा. दहा. दहा. मॅनेजरांनी हात झटकले, ही मुद्दाम करते आहे म्हणाले. तेरा गाठी झाल्या. दारापासून काही दिसत नसल्याने रघुवीर नकळत चार पावलं पुढे आला आणि मशीनच्या पलीकडच्या बाजूला, थेट तिच्यासमोर, येऊन उभा राहिला. महिन्याभरात पहिल्यांदा दोघांची नजरानजर झाली.

“सहा,” सचिवांनी वाचलं. “सहा. साडेपाच. सहा...” आणि घड्याळ बिघडलं की काय म्हणून कानाला लावून बघितलं.

अध्यक्षांनी हात वर केला. मशीन थांबलं.

“बाई, चौदाव्या गाठीला काय झालं?”

सूत बरं लागलं म्हणावं, असं द्वारकेच्या ओठांवर आलं होतं. मग कुणी काही म्हटलं नसतं. तिची अब्रूही राहिली असती. पण तिने वळून बघितलं, मागे रखमा होती, पदराचं टोक मुठीत धरून उभी. द्वारकेने एकदा वडिलांकडे बघितलं, मग खाली बघून बोलली, पण स्पष्ट बोलली.

“पेडणेकर पुढे आले, साहेब.”

“मग?”

“ते बघत असले की माझे हात असे चालतात. रोज नाही चालत. रोज चालवले तर महिन्याने बोटं राहायची नाहीत.” मग तिने मान वर केली. “तो आकडा कामाचा नाही, साहेब. मला ते आवडतात, त्याचा आहे. त्यापायी रखमाबाईंना घरी पाठवू नका.”

गुणाजी आपल्या टोपीकडे बघत होता. मॅनेजर छताकडे. आणि मग मागून एक हसू फुटलं, खरखरीत, पोटातून आलेलं. गंगुबाई.

“साहेब,” ती म्हणाली, “साठ बायांना असा एकेक घड्याळवाला देणार असाल, तर तीस काय, आम्ही चाळीस चात्या बघतो.”

मग काय, सगळं खातं हसलं. शेठसुद्धा हसले, रुमाल तोंडाला लावून. अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. ते रघुवीरकडे वळले.

“तुमच्यावर याचा काही परिणाम?”

“झाला, साहेब,” रघुवीर म्हणाला. “एका बाईचं माप घ्यायला अर्धा दिवस पुरतो. यांचं मी तीन दिवस घेत होतो.”

अध्यक्षांनी मान हलवली आणि कारकुनाला म्हणाले, टिपणात घ्या. कारकून पेन हातात धरून तसाच बसला. काय म्हणून घेऊ, साहेब? अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. “लिहा : माप घेणाऱ्याच्या उपस्थितीचा परिणाम.” आणि मग ते हसले.

माप दहा सेकंदांचं ठरलं. नवी मशीनं आली, पण टप्प्याटप्प्याने, आणि समितीने अट घातली की कुणाला काढायचं नाही, जी बाई आपणहून जाईल तिची जागा भरायची नाही. शेठनी हिशेब केला असणार. संपापेक्षा थांबणं बरं, असं त्यांनी मानलं आणि सही केली. रखमा राहिली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने आपला डबा द्वारकेपुढे उघडला, आणि आधी ओला जवळा खा म्हणाली, मग रड.

रघुवीरला मात्र मॅनेजरांनी खात्यात ठेवलं नाही. तो वडाळ्याच्या एका तांत्रिक शाळेत शिकवायला लागला. पहिल्याच आठवड्यात लालबागला आला, परबांच्या खोलीत, स्वेटर घालून, मे महिन्याच्या उकाड्यात. सुनावणीपासून गुणाजी लेकीशी धड बोलला नव्हता. त्याने पाहुण्याला खालून वर न्याहाळलं.

“आधी ता घड्याळ काढून ठेव,” गुणाजी म्हणाला, “मगे बोल.”

रघुवीरने ठेवलं. गुणाजीने ते उचललं, बटण दाबलं, कानाला लावून ऐकलं आणि लेकीला म्हणाला, चाय टाक गो. द्वारका आतल्या आत मोकळी झाली.

लग्न झालं ते साठ सालच्या मेमध्ये, राज्य झालं त्या आठवड्यात. लालबागच्या चाळी दिव्यांनी, पताकांनी भरलेल्या होत्या, त्याच पताकांखाली मांडव पडला. अक्षता टाकायला खात्यातल्या सगळ्या बाया आल्या होत्या, आणि मंगलाष्टकं लांबली तेव्हा गंगुबाईने भटजींना विचारलं, याला सेकंद किती?

त्यानंतर किती पाणी वाहून गेलं. समितीची अट कंपनीने अक्षरशः पाळली. कुणाला काढलं नाही, आणि कुणाला घेतलंही नाही. गंगुबाई गेली, तिची जागा रिकामी. रखमा गेली, तिची जागा रिकामी. द्वारकेच्या आईची जागा द्वारकेला मिळाली होती, द्वारकेची तिच्या मुलीला मिळाली नाही. पुढे मिलच गेली. मशीनं भंगारात गेली, भोंगा बंद झाला, आणि सात वाजले हे लालबागला घड्याळात बघून कळायला लागलं. तारामतीच्या जागेवर आता काचेची उंच इमारत आहे. द्वारका तिथून जाते तेव्हा मान वर करून बघत नाही. मानेचं दुखणं, असं सांगते.

परवा कपाट आवरताना निळं स्वेटर निघालं. बाहीवरची ती जुनी गाठ तशीच होती, पण तिच्या शेजारचा धागा कुरतडून तुटला होता. रघुवीर म्हणाला, राहू दे आता. पण ती ऐकते होय? चष्मा लावून खिडकीपाशी बसली. समोर दोन कप गरम चहा. बोटं आता सांध्यांत सुजलेली, लोकरीची टोकं धरायला जायची आणि सुटायची. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. तो समोर बसून बघत होता, त्याच नजरेने. शेवटी एकदाची गाठ बसली.

“किती झाले?” तिने विचारलं.

“सहा,” तो म्हणाला.

जन्मात कधी खोटा आकडा न लिहिलेला माणूस. द्वारकेने समोरच्या कपाकडे बघितलं. चहावर जाड साय धरली होती.

“लिहून ठेवा मग,” ती म्हणाली.